‘अमेरिकेचा कायदा’ म्हणू नका राव!

नमस्कार मंडळी, मी किरण, परभणीहून. टेक्सासच्या नव्या कायद्यावरचं एक रील फिरायला लागल्यापासून सगळे एकच विचारायलेत, “अमेरिकेच्या कायद्यानं कागदावरचं लिंग बदलणं बंद झालं का?”

बेसिक पटकन उरकतो. कॅन्सस या राज्यानं 2023 मध्ये बाई-पुरुषाची व्याख्या ठरवणारा कायदा केला. गव्हर्नर लॉरा केली यांनी तो अडवला, विधिमंडळानं त्यांना ओलांडून मंजूर केला. बाई कोण? जिची प्रजननसंस्था बीजांड तयार करायला घडलेली, आणि ते बघायचं जन्माच्या वेळी. टेक्सासनं अशीच व्याख्या 1 सप्टेंबर 2025 पासून आणली. मोंटाना राज्याचा असाच कायदा कोर्टानं उडवला. झालं.

आता माझं डोकं कुठं फिरतं सांगतो. अमेरिकेचा म्हणजे कोणत्या राज्याचा? जन्मदाखला राज्य देतं. टेनेसीत 1977 पासून त्यावरचं लिंग बदलतच नाही. तिथं जन्मलेला माणूस कॅलिफोर्नियात राहायला गेला तर लिंग बदललेलं लायसन मिळेल, जन्मदाखला टेनेसीचा तो टेनेसीचाच.

नाही कळलं? पासपोर्ट घ्या. तो केंद्राचा. कॅन्ससच्या विधिमंडळाला त्याला हात लावता येत नाही. तिथं ट्रम्प यांचा जानेवारी 2025 चा आदेश, की पासपोर्टवर जन्माच्या वेळचंच लिंग लिहायचं, आणि नोव्हेंबरात सुप्रीम कोर्टानं खटला चालू असेपर्यंत तो लागू ठेवू दिला. म्हणजे एकाच खिशात दोन कागद, एकावर M, दुसऱ्यावर F, अशी दोन वेगळी अक्षरं!

अजून नाही? अहो, आपण मराठवाड्याचे. कुणबी नोंद हुडकायला हैदराबादपर्यंत काहून जावं लागलं? कारण दफ्तर निजामाचं होतं. पुण्यात कितीही कपाटं उघडली असती तरी काय सापडणार होतं? ज्यानं नोंद केली, त्याच्याच दारात जायचं.

मला कागदाचा इतका पुळका का, असं एका ताईंनी लिहिलंय. ताई, माझ्या रेशनकार्डावर माझ्या नावापुढं ‘स्त्री’ छापून आलं होतं. किरण नाव बघून ऑपरेटरनं ठोकून दिलं. चार हेलपाटे, प्रत्येक वेळी आधारची झेरॉक्स, आणि खिडकीवरचा माणूस माझ्या मिशीकडं बघून विचारतो, “पुरावा काय?” त्यावर “मग तुलाही तसंच वाटत असेल” अशा कमेंटी आल्या. डिलीट केल्या. माझ्या कार्डावर टायपिंगची चूक होती, दुरुस्त झाली. कॅन्ससमध्ये चूक कुणाचीच नव्हती. लोकांनी रीतसर बदलून घेतलेल्या लायसनवरच्या त्या एका अक्षराचा बदल रोखायला राज्याचे अ‍ॅटर्नी जनरल, म्हणजे मुख्य सरकारी वकील, स्वतःच्याच राज्याच्या खात्याविरुद्ध कोर्टात गेले.

“आपल्याकडं महाराष्ट्राचा कायदा कोणता?” हाही प्रश्न आहेच. इथं मूळ कायदा केंद्राचा, 2019 चा. तृतीयपंथी व्यक्तीला ओळख प्रमाणपत्र जिल्हाधिकारी देतात. तलाठी नाही, सरपंच नाही. सेलूच्या दादा, तुम्ही ग्रामपंचायतीत अर्ज टाकलाय म्हणता, तो आधी परत घ्या.