मिरकरवाड्याचा वारा कोण मोजणार?

श्रोतेहो, नमस्कार.

गाडी घ्यायची ठरली की हल्ली घरातलं कुणीतरी मोबाईलवर रेटिंग काढून बसतं. त्यातले भारत एनकॅपचे, म्हणजे सरकारी टक्कर-चाचणीचे, तारे टक्कर झाली तर आतली माणसं किती सुरक्षित राहतील ते सांगतात. गाडी टिकेल किती, हे नाही. पुन्हा सांगतो, तारे सुरक्षिततेचे, टिकाऊपणाचे नव्हेत.

टिकाऊपणाची पाहणी अमेरिकेत जे. डी. पॉवर ही कंपनी करते. तीन वर्षांच्या गाडीच्या पहिल्या मालकाला विचारतात, गेल्या बारा महिन्यांत काय काय बिघडलं? 2025 च्या पाहणीत शंभर गाड्यांमागे सरासरी 202 तक्रारी निघाल्या. पण फोन गाडीला जोडला जात नाही, ही एक तक्रार. आणि गिअरबॉक्स गेला, हीही एकच!

माझे काका रत्नागिरीत मिरकरवाडा बंदराजवळ राहतात. टिकाऊपणाचं रेटिंग बघूनच त्यांनी गाडी घेतली. तीन वर्षं खरोखर काही कुरकुर नाही. चौथ्या वर्षी, ऐन मे महिन्यात, आम्ही कोल्हापूरला निघालो आणि साखरप्याच्या अलीकडे एसी गरम हवा फेकायला लागला. काकू मागे, मांडीवर आंब्याची पेटी. काचा खाली करून आंबा घाट चढलो. कोल्हापुरात मेस्त्रीने पुढची जाळी काढली, आतल्या कंडेन्सरवर, म्हणजे एसीचा गॅस थंड करणाऱ्या ॲल्युमिनियमच्या जाळीवर, नुसता अंगठा दाबला, आणि पांढरा भुगा बोटाला लागून आला. "गाडी समुद्राकाठी उभी असते काय?" त्याने विचारलं. खारा वारा ॲल्युमिनियम खातो, गॅस उडून जातो. आणि वॉरंटी? ती तीन वर्षांची होती.

म्हणजे रेटिंग खोटं नव्हतं. तीन वर्षांपुरतं ते काकांच्या बाबतीत खरंच ठरलं. फक्त त्यात चौथं वर्ष नव्हतं, आणि मिरकरवाड्याचा वारा नव्हता.

गेल्या दिवाळीत चुलत बहिणीला गाडी घ्यायची होती. काका तिला शोरूमच्या आधी आपल्या ओळखीच्या मेस्त्रीकडे घेऊन गेले. त्याने तिला दोनच प्रश्न विचारले. रात्री गाडी कुठे लावणार? आणि महिन्यातून घाट किती वेळा?