हरीचे नाव आणि चार ठोके

श्रोतेहो, नमस्कार.

आज मला आपल्याशी १९८० या वर्षाबद्दल बोलायचे आहे. नागपुरात, विशेषतः महाल भागात, त्या वर्षी जी मुले दहावी-अकरावीत होती, त्यांना हे साल सांगितले की पुढचे फारसे काही सांगावे लागत नाही. त्या वर्षी आमच्याकडे डिस्को आला. तो कसा आला, ते मात्र सांगण्यासारखे आहे. कारण डिस्को म्हणावी अशी जागा आमच्यापैकी कोणी पाहिलेली नव्हती, घरात टीव्ही नव्हता आणि सिनेमाच्या तिकिटाचे पैसे वडिलांकडून सुटायला परीक्षेच्या निकालाची वाट पाहावी लागे. त्यामुळे आम्ही डिस्को आधी ऐकला आणि बऱ्याच दिवसांनी पाहिला.

ऐकण्याच्या बाबतीत मात्र आम्ही श्रीमंत होतो. विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या त्या १ नोव्हेंबर १९६७ पासून, मुंबई, पुणे आणि नागपूर या केंद्रांवरून. त्यामुळे गाण्यांइतक्याच जाहिरातीही आम्हाला पाठ होत्या. बुधवारी रात्री आठला रेडिओ सिलोनवर अमीन सयानींची बिनाका गीतमाला ऐकण्यासाठी आम्ही संच खिडकीच्या कठड्यावर ठेवत असू आणि खरखर वाढली की कोणीतरी तो हातभर इकडे किंवा तिकडे सरकवत असे. अशा रेडिओवर मी ‘आप जैसा कोई’ पहिल्यांदा ऐकले, तेव्हा संच बिघडला असावा असेच मला वाटले. बाईचा आवाज एकाऐवजी दोन बायका एकदम गात असल्यासारखा येत होता आणि त्यामागे ढोलक नव्हता, तबला नव्हता, नुसता एक ठोका चालला होता.

तो आवाज नाझिया हसनचा होता. कराचीत जन्मलेली आणि लंडनमध्ये वाढलेली ही मुलगी तेव्हा अवघ्या पंधरा वर्षांची, म्हणजे आमच्याच वयाची होती. ‘कुर्बानी’ चित्रपटाची इतर गाणी कल्याणजी-आनंदजींची. हे एक गाणे तेवढे फिरोज खान यांनी बिड्डू यांच्याकडून लंडनमध्ये करून घेतले. बिड्डू मूळचे बंगळूरचे. कार्ल डग्लसचे ‘कुंग फू फायटिंग’ हे १९७४ साली जगभर गाजलेले गाणे याच माणसाने घडवले होते. या एका गाण्यासाठी नाझियाला फिल्मफेअरचा पुरस्कार मिळाला. आमच्या गल्लीत तिचा सन्मान वेगळ्या रीतीने झाला: पोरांनी ‘बात बन जाये’मधल्या ‘बात’चा ‘बाप’ करून ते गाणे इतक्या वेळा म्हटले की घरोघरीच्या बापांना त्याचा राग येऊ लागला.

गंमत अशी, की अमेरिकेत तोवर या संगीताची वरात निघून गेली होती. १२ जुलै १९७९ रोजी शिकागोच्या बेसबॉल मैदानावर दोन सामन्यांच्या मधल्या वेळात लोकांनी डिस्कोच्या तबकड्यांचा ढीग स्फोटाने उडवून दिला होता. तिकडची चिता विझत असताना इकडे आमच्या मंडळाचे पोर वर्गणीची पावतीपुस्तके घेऊन फिरू लागले होते.

आता मुद्द्याची गोष्ट. गणपतीत काय वाजवायचे आणि काय नाही, याचा निर्णय मंडळाच्या वडीलधाऱ्यांच्या हाती असे आणि ‘लैला ओ लैला’ हे नाव त्यांच्यापुढे काढण्याची कोणाची छाती नव्हती. परंतु त्याच वर्षी आणखी दोन गाणी आली होती. ‘कर्ज’मधले किशोरकुमारांनी गायलेले, लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचे ‘ओम शांती ओम’. आणि ‘प्यारा दुश्मन’मधले बप्पी लाहिरींचे ‘हरी ओम हरी’. एकात ओम, दुसऱ्यात ओम आणि वर हरीही! आमच्या कार्यकर्त्यांनी नावे वाचून दाखवली आणि आजोबा मंडळींनी मान डोलावली. ‘हरी ओम हरी’ गाणाऱ्या उषा उथुप कांजीवरम साडी नेसतात आणि कपाळाला ठसठशीत कुंकू लावतात, ही माहिती कोणीतरी वेळेवर पुरवली, तेव्हा तर उरलासुरला विरोधही मावळला. डिस्को आमच्या मांडवात देवाच्या नावावर शिरला, असे मी म्हणतो ते यामुळे.

मांडवात तबकड्या वाजवणारा माईकवाला हा त्या दहा दिवसांचा खरा राजा. मांडवाची फळ्यांची जमीन पोरांच्या उड्यांनी हादरली की सुई खाचेतून उडून पुढे जाई आणि किशोरकुमार कडव्यातून थेट शेवटच्या आलापात पोहोचत. यावर त्या गृहस्थांनी काढलेला उपाय मी जवळून पाहिला आहे. त्यांनी खिशातून चार आण्यांचे नाणे काढले आणि रबर बँडने सुईच्या डोक्यावर पक्के बसवले. सुई उडायची थांबली. तबकडी मात्र पाचव्या दिवशी इतकी झिजली की गाण्याच्या मागे पाऊस पडत असल्यासारखे वाटू लागले.

विसर्जनाच्या मिरवणुकीत माईकवाल्याची सत्ता संपून बँडवाल्यांची सुरू होई. आमच्या बँडमध्ये मोठा ढोल वाजवणारे एक काका होते. जन्मभर त्यांनी केरवा वाजवला होता. केरव्यात एक ठोका वजनाचा, पुढचे हलके आणि त्या उताराचढावामुळेच पाऊल आपोआप पडते. डिस्कोत तसे नसते. चारही मात्रांवर ढोल सारख्याच जोराने पडतो आणि दोन ठोक्यांच्या मधोमध झांज वाजते. मला वाटले होते, काकांना हे नवे प्रकरण जड जाईल. मी त्यांना तसे विचारलेसुद्धा. ते म्हणाले, ‘‘याच्यात काही नाई रे पोरा. चारही ठोके सारखेच हाणायचे अन् थांबायचं नाई.’’ डिस्कोची याहून नेमकी व्याख्या मी पुढे कुठे वाचलेली नाही.

आम्ही नाचलो ते कसे नाचलो, हे न विचारलेले बरे. ‘कर्ज’मध्ये ऋषी कपूर प्रचंड तबकडीच्या आकाराच्या फिरत्या रंगमंचावर नाचतात, हे आम्ही केवळ ऐकून होतो, त्यामुळे आमच्यातला प्रत्येकजण रस्त्यावर स्वतःभोवती गरागरा फिरत होता आणि त्यालाच डिस्को समजत होता.

शुक्रवारी नावाच्या तलावाच्या काठावर मूर्ती खाली उतरवली, तेव्हा बँड अजून ‘हरी ओम हरी’ वाजवत होता. पुजाऱ्यांनी हात वर केला. क्लॅरिनेटवाल्याने सूर बदलून ‘सुखकर्ता दुःखहर्ता’ धरले, पण काकांचा हात तोवर त्या चालीला इतका बसला होता की ढोलाचे चार सारखे ठोके तसेच चालू राहिले. कोणाच्या ते लक्षातही आले नाही. माझी आजी डोळे मिटून उभी होती, आणि तिच्या टाळ्या नेमक्या त्याच ठोक्यांवर पडत होत्या.