गळ्याचा व्रण आतून चिकटू नये म्हणून

श्रोतेहो, नमस्कार.

गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीचं ऑपरेशन झालेल्या बाई महिन्याभरानं तपासायला येतात. टाके छान भरलेले असतात, पण तक्रार असते: "डॉक्टर, आवंढा गिळला की कातडी आत ओढली जाते हो." तक्रार खरी असते. गळ्याची कातडी, तिच्याखालचे चपटे स्नायू आणि श्वासनलिका हे थर एरवी एकमेकांवरून सहज सरकतात. ते चिकटले, की गिळताना श्वासनलिका वर जाते आणि कातडीलाही सोबत नेते.

चिकटायला सुरुवात होते ती बहुधा साचलेल्या रक्तापासून. ते गोठतं, त्याचे धागे शरीरानं वेळेत विरघळवले नाहीत तर तिथं घट्ट व्रण धरतो. म्हणून पहिला बंदोबस्त ऑपरेशनच्या टेबलावरच. रक्त कमी, हात हलका. पुन्हा सांगतो, रक्त कमी, हात हलका. आणि हे म्हटलं की मला एकोणिसाव्या शतकातले स्विस सर्जन थिओडोर कोखर आठवल्याशिवाय राहत नाहीत.

स्वित्झर्लंडमधलं बर्न शहर. डोंगराळ मुलूख, मातीत आयोडीन कमी, त्यामुळे गलगंड, म्हणजे सुजून मोठी झालेली थायरॉइड ग्रंथी, जिकडेतिकडे. (आपल्याकडे आयोडीनचं मीठ वाण्याकडे सहज मिळतं, तरी हल्ली गुलाबी सैंधवाचं केवढं कौतुक! उपासाला खुशाल वापरा, रोजच्या आमटीत मात्र साधं आयोडीनचं मीठच टाका. असो.) त्या काळी गलगंडाचं ऑपरेशन म्हणजे रक्ताचा पाट. कोखर मात्र सावकाश काम करायचे, एकेक रक्तवाहिनी बांधत. तिकडे व्हिएन्नात बिलरोथ हे दुसरे मोठे सर्जन. त्यांचा हात भराभर चालायचा.

1874 साली कोखर यांनी अकरा वर्षांच्या एका मुलीचं ऑपरेशन केलं. जखम सुरेख भरली. पुढे तिच्या डॉक्टरांनी कळवलं, की पोर पार बदलली आहे. 1883 मध्ये कोखर यांनी जुन्या पेशंटना परत तपासलं, तेव्हा ती मुलगीही समोर आली. धाकटी बहीण तिच्यापेक्षा उंच झालेली. हिची मात्र वाढ खुंटलेली, चेहरा सुजलेला, बोलणं मंद. ज्यांची ग्रंथी पूर्ण काढली होती, त्यांतल्या बऱ्याच जणांची हीच गत. बिलरोथ यांच्या पेशंटना हा त्रास फारसा होत नसे, पण त्यांच्या हातापायांना पेटके येत.

असं का? दोघांचंही काम पाहिलेले अमेरिकन सर्जन हॉलस्टेड यांनी पुढे उलगडा केला. कोखर इतके नेटके, की वाढीला लागणाऱ्या थायरॉइडचा कणही मागे राहत नसे, पण शेजारच्या कशालाही धक्का लागत नसे. बिलरोथ यांच्या घाईत थायरॉइडचा तुकडा मागे राहायचा, आणि बाजूच्या, रक्तातलं कॅल्शियम सांभाळणाऱ्या चिमुकल्या पॅराथायरॉइड ग्रंथी मात्र जायच्या, म्हणून पेटके. काढलेल्या ग्रंथीचं काम भरून काढणारी थायरॉइडची गोळी तेव्हा कुठली? कोखर यांनी 1883 सालीच हे सगळं जर्मन सर्जनांच्या सभेत उघडपणे सांगितलं आणि साध्या गलगंडात पूर्ण ग्रंथी काढणं थांबवलं. 1909 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. आज गोळी आहे, म्हणून गरज पडली तर आम्ही पूर्ण ग्रंथी काढू शकतो. रक्त न सांडण्याची पद्धत मात्र त्यांचीच चालू आहे.

आता वेळ थोडा उरलाय, तेव्हा भराभर. थर वेगळे ठेवणारी जेल आणि पातळ पडदे मिळतात. काही अभ्यासांत फायदा दिसला, काहींत नाही. सर्जनकडे हट्ट धरू नका.

तुमच्या हातातलं औषध म्हणजे मान हलवणं. टाके तुटतील या भीतीनं लोक मान ताठ ठेवून बसतात. नका बसू! कोबे इथल्या जपानी सर्जनांनी 2005 साली दाखवलं, की ऑपरेशननंतर लवकर मानेचे व्यायाम करणाऱ्यांना गळा आवळल्यासारखं कमी वाटतं. सर्जननं हो म्हटलं, की खांदे सैल सोडा, डावीकडे बघा, उजवीकडे बघा, खाली, मग हळूच वर. दिवसातून तीन वेळा. आणि भेटायला येणाऱ्यांनो, पेशंटला सगळी हकिकत पुन्हा पुन्हा सांगायला लावू नका. पेढे ठेवा आणि निघा.

जखम पूर्ण भरली, साधारण तीन आठवडे झाले, की बोटानं मालिश. बोट कातडीवरून घसरवायचं नाही, कातडीच खालच्या थरावरून सरकवायची. वर-खाली, आडवी. ओल्या जखमेवर हळद नको. मंगळसूत्र व्रणावर घासत असेल तर काही दिवस लांब करून घ्या. उन्हात जाताना व्रण झाका.

एक मात्र लक्षात ठेवा. ऑपरेशननंतरच्या पहिल्या दिवसात गळा फुगला, श्वास कोंडला, तर ताबडतोब नर्सला हाक मारा. घरी आला असाल तर थेट हॉस्पिटल गाठा. ओठ किंवा बोटं झिणझिणत असतील तर कॅल्शियम कमी झालेलं असू शकतं, तेही लगेच सांगा. ओढ लागण्याची तक्रार बहुतेकांची काही महिन्यांत उतरते. वर्षभरानंतरही कातडी ओढली जात असेल, तर सर्जनला दाखवा. छोट्या ऑपरेशननं ते थर सोडवता येतात.

नमस्कार.