लपवलेला रकाना
(बडोद्यातील एका व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

पत्रिकेत विषय छापलाय, ‘बांधकामातला उशीर मोजणारी सॉफ्टवेअर’. त्यातल्या पद्धती सांगेन असं मी कबूल केलंय. सांगतो, पण आधी एक गाऱ्हाणं.

बडोदेकरांना उशिराचं काय नवल म्हणा! आपला लक्ष्मी विलास घ्या. काम १८७८ साली सुरू झालं, आराखडा करणारे मेजर मँट १८८१ मध्ये वारले, राजवाडा १८९० मध्ये चिझमसाहेबांच्या हातून पुरा झाला. यातला कुठला महिना कोणाच्या खात्यावर टाकायचा? मला विचाराल तर मी आधी साइटची डायरी मागेन. संगणक नंतर.

तर गाऱ्हाणं. एका इमारतीचा वाद माझ्याकडे आला. ठेकेदाराने दर महिन्याचा प्रायमाव्हेरा या वेळापत्रकाच्या सॉफ्टवेअरमधला बार चार्ट जोडला होता, रंगीत, मोठ्या कागदावर. जुलै बघा, ऑगस्ट बघा, सप्टेंबर बघा, ताबा देण्याची तारीख ३१ मार्चच! पायाच्या खड्ड्यात पाणी, सेंट्रिंगवाले गावी गेलेले, पण ३१ मार्च जागची हलेना. मी मूळ फाईल मागितली. ‘साहेब, प्रिंट दिलीये ना?’ खूप पत्रापत्री झाल्यावर एकदाची आली. उघडून बघतो तर शेवटच्या कामावर ‘मँडेटरी फिनिश’! म्हणजे आधीची कामं कितीही लांबोत, ती तारीख खिळ्याने ठोकलेली. सॉफ्टवेअरने बिचाऱ्याने चुगली केली होती, टोटल फ्लोटच्या, म्हणजे शेवटची तारीख न हलता काम किती दिवस लांबू शकतं त्या सवडीच्या, रकान्यात सगळे आकडे उणे. छापताना तो रकानाच लपवला होता. आणि मालकाच्या सल्लागाराने खाली दर महिन्याला सही केली होती. हसू नका, इथल्या काही सह्या मी ओळखतो.

अजून गंमत. कॅलेंडर उघडलं तर भर पावसाळ्यातही आठवड्याचे सहा दिवस काम. बडोद्यात! विश्वामित्री नदीला कोणी विचारलं नसावं.

क्रिटिकल पाथचं, म्हणजे जिच्यातलं एक काम लांबलं की शेवटच लांबतो त्या कामांच्या साखळीचं, गणित १९५७ पासूनचं, ड्यूपाँट कंपनीच्या कामातून आलेलं. ते चुकत नाही. पण स्लॅब प्रत्यक्ष कधी भरला हे कोणीतरी त्याच दिवशी लिहायला लागतं. सहा महिन्यांनी आठवून भरलेल्या तारखा सॉफ्टवेअर मुकाट गिळतं.

चिठ्ठी आली. पाचच मिनिटं? बरं, पळतो. पहिली पद्धत, ठरलेलं वेळापत्रक आणि झालेलं काम शेजारी ठेवा. सोपी, पण कारण सांगत नाही. दुसरी, टाइम इम्पॅक्ट. अडचण येण्याच्या आधीचं अपडेट केलेलं वेळापत्रक घ्या, अडचणीची कामं त्यात घाला, ‘शेड्यूल’ करा म्हणजे तारखा पुन्हा काढा, शेवट किती सरकला ते पाहा. तिसरी, झालेल्या वेळापत्रकातून एकाचा उशीर काढून टाका, काम कधी संपलं असतं ते बघा. चौथी, विंडोज. काळाचे तुकडे पाडून प्रत्येकात क्रिटिकल पाथ कुठून गेला ते शोधा. एकाच कामाची चार उत्तरं निघू शकतात, म्हणून वकील खूश. इंग्लंडच्या सोसायटी ऑफ कन्स्ट्रक्शन लॉने २००२ मध्ये विलंबाचा प्रोटोकॉल, म्हणजे मार्गदर्शिका, काढला. २०१७ च्या दुसऱ्या आवृत्तीत ते म्हणतात, काम चालू असतानाच मुदतवाढीचा निर्णय घ्या. संपल्यावर करायच्या विश्लेषणासाठी मात्र एकच पद्धत लाडकी धरलेली नाही. मला विंडोज पटते, पण दर महिन्याची फाईल जपलेली हवी, आधीच्यावरच सेव्ह केलेली नको.

राहिला फ्लोट कोणाचा हा प्रश्न. करारात वेगळं लिहिलं नसेल तर जो आधी वापरेल त्याचा, असा त्या प्रोटोकॉलचा कल. मला तो मान्य नाही. का, ते बाहेर सेव उसळ खाताना सांगतो.