पासवर्ड विचारला, पण खोलीत कोणीच नाही
(वर्धा जिल्ह्यात कॉम्प्युटर शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

पोरांनो, आपल्याकडची एखादी जिनिंग डोळ्यांपुढे आणा. कापसाचा हंगाम, काट्यावर गाड्यांची रांग. काट्याच्या खोलीतल्या लिनक्स कॉम्प्युटरवर दिवसभर काटापावत्या निघतात आणि रात्री त्या नोंदी नागपूरच्या सर्व्हरवर जायच्या असतात. हे काम करणारा पायथन प्रोग्राम टर्मिनलच्या खिडकीत चालू ठेवलेला असतो आणि आतून तो एसएसएचची, म्हणजे दूरच्या कॉम्प्युटरशी सुरक्षितपणे जोडून देणाऱ्या साधनाची, कमांड चालवतो. लिहिणाऱ्यानं समोर बसून करून पाहिलं तेव्हा पासवर्ड विचारला गेला, त्यानं टाकला, काम झालं. रात्री खोलीला कुलूप लागतं. एसएसएच पुन्हा पासवर्ड विचारतं आणि उत्तराची वाट पाहत थांबतं. त्या रात्री कॉम्प्युटरची डिस्क गेली, तर शेतकऱ्याच्या वजनाचा पुरावा गेला. म्हणून हा विषय मला महत्त्वाचा वाटतो.

पहिली युक्ती बहुतेकांना सुचते ती पाईपची. पासवर्ड ‘इको’ कमांडनं छापायचा आणि पाईपमधून, म्हणजे एका कमांडचं आउटपुट दुसरीला देणाऱ्या जोडणीतून, एसएसएचला द्यायचा. ते चालत नाही. काहून? कारण एसएसएच पासवर्ड स्टँडर्ड इनपुटमधून, म्हणजे पाईपमधलं जिथं येतं त्या वाटेनं, वाचतच नाही. ते थेट ‘/डेव्ह/टीटीवाय’ उघडतं, म्हणजे ज्या टर्मिनलवरून काम सुरू झालं ते टर्मिनल. अक्षरं दिसू नयेत म्हणून तिथला इको, म्हणजे टाइप केलेलं स्क्रीनवर उमटणं, बंद करतं आणि कीबोर्डकडून उत्तर घेतं. तुम्ही प्रोग्राममध्ये कमांडचं आउटपुट पकडून ठेवलं असलं, तरी तो प्रश्न तुमच्या हाती लागत नाही, कारण तोही थेट टर्मिनलवरच लिहिला जातो. क्रॉनमधून, म्हणजे ठरलेल्या वेळी आपोआप काम सुरू करणाऱ्या सोयीतून, चालवलं तर टर्मिनलच नसतं. मग वाट न पाहता काम तिथंच फसतं. मुख्य व्यवस्थापकाच्या अधिकारानं कमांड चालवणारं सुडोही टर्मिनलच शोधतं. त्याला ‘-एस’ (मोठ्या लिपीतला S) दिलं तरच ते स्टँडर्ड इनपुटमधून वाचतं. ही रचना मुद्दाम केलेली आहे: पासवर्डचा प्रश्न माणसासाठी असतो.

यावर १९९० मध्ये डॉन लिब्स यांनी ‘एक्स्पेक्ट’ नावाचं साधन पुढे आणलं. ते खोटं टर्मिनल तयार करतं, त्यावर काय उमटतं ते वाचतं आणि ठरवलेलं उत्तर टाइप करतं. पायथनमध्ये हेच काम ‘पीएक्स्पेक्ट’ करतं. पासवर्डऐवजी चावी, म्हणजे ओळख पटवणारी फाइल, स्वीकारतच नाही अशा जुन्या राउटरशी बोलायचं असेल, तर वापरा. पण समोरच्या प्रश्नाचा एक शब्द बदलला, किंवा पासवर्डऐवजी ‘या सर्व्हरवर विश्वास ठेवू का?’ असं विचारलं गेलं, की स्क्रिप्ट अडकते. शिवाय पासवर्ड कुठेतरी लिहून ठेवावा लागतोच.

कुठं लिहू नये, हे पक्कं लक्षात ठेवा. कमांडच्या ओळीत तर कधीच नाही. त्याच मशीनवर दुसऱ्या कोणी चालू कामांची यादी दाखवणारं ‘पीएस’ चालवलं की ती ओळ त्याला दिसू शकते, आणि हातानं टाइप केलेली कमांड शेलच्या हिस्टरीतही उरते. डेटाबेससाठी पासवर्ड लागणारच असेल, तर तो फक्त मालकाला वाचता येणाऱ्या, ६०० परवानगीच्या फाइलमध्ये ठेवा. पोस्टग्रेस या डेटाबेसची ‘.पीजीपास’ फाइल अशीच असते; परवानगी सैल असली, तर लिनक्सवर पोस्टग्रेस ती फाइल वापरतच नाही. मला हा कडकपणा फार आवडतो.

आपल्या काट्यासाठी मात्र पासवर्ड नकोच. ‘एसएसएच-कीजेन’नं ‘ईडी२५५१९’ प्रकारची वेगळी चावी बनवा आणि तिचा सार्वजनिक भाग सर्व्हरवर ‘ऑथराइज्ड कीज’ फाइलमध्ये टाका. रात्री चावीचं सांकेतिक वाक्य (पासफ्रेज) टाकायला माणूस नसतो, म्हणून ही चावी उघडीच राहणार. त्यामुळे तिचे हात बांधायचे. त्याच ओळीत चावीच्या आधी ‘रिस्ट्रिक्ट’ लिहा आणि ‘कमांड’ लिहून एकच काम नेमून द्या: आलेली फाइल त्या वेळेच्या नावानं ठेवणं. मग कॉम्प्युटर चोरीला गेला, तरी त्या चावीनं जुन्या पावत्या वाचता येणार नाहीत, पुसताही येणार नाहीत. सुडोचंही तसंच. ‘व्हिसुडो’नं सुडोच्या नियमांची फाइल उघडून एका विशिष्ट कमांडलाच पासवर्डाची सूट द्या. सगळ्यालाच सूट देणाऱ्या ओळी मी जागोजागी पाहतो आणि मला त्याची खरोखर चिंता वाटते.

आता शेवटची जोडणी. एसएसएचला ‘बॅचमोड’ आणि सुडोला ‘-एन’ द्या. मग पासवर्ड लागलाच, तर विचारत न बसता ते लगेच नकार देतात. कमांडला वेळेची मर्यादा घाला. एसएसएचचं स्वतःचंच काही बिघडलं, तर ते २५५ हा आकडा परत देतं. तो तपासा आणि मुनीमजींच्या फोनवर त्याच रात्री संदेश जाईल असं करा. सर्व्हरची ओळख पहिल्यांदा स्वीकारताना मात्र स्वतः समोर बसा. नागपूरच्या माणसाला फोन लावा, त्याला सर्व्हरचा फिंगरप्रिंट, म्हणजे सर्व्हरच्या चावीची छोटी ओळखखूण, वाचून दाखवायला सांगा, स्क्रीनवरच्या अक्षरांशी ताडून पाहा, आणि मगच ‘येस’ टाइप करा.