धुरातलं विरजण

डिसेंबरात पहाटे साडेपाचला नाशिकच्या द्वारका चौकात उभं राहून बघा. धूर वर जात नाही. जमिनीलगतची हवा गार, तिच्यावरची जरा उबदार, म्हणजे शहरावर झाकण ठेवल्यासारखंच. मी पहाटेपासून सुरुवात करतोय, कारण आजचा आपला वायू रात्रभर साठतो आणि ऊन पडलं की मोडायला लागतो.

त्याचं नाव नायट्रस आम्ल. शाळेच्या प्रयोगशाळेतल्या बाटलीत असतं ते नायट्रिक, ते वेगळं. इंजिनात उष्णता इतकी वाढते की हवेतलाच नायट्रोजन ऑक्सिजनशी जोडला जातो आणि त्याची ऑक्साइडं तयार होतात. सायलेन्सरमधून त्यांच्याबरोबर चिमूटभर नायट्रस आम्लही बाहेर पडतं. जर्मनीत वुपरटालच्या एका बोगद्यात ते मोजलं, तेव्हा नायट्रोजनच्या ऑक्साइडांच्या 0.8 टक्के भरलं. शंभरात एकसुद्धा नाही. मग त्याच्यासाठी एवढा वेळ का घ्यायचा?

रात्री दुधाला विरजण किती लावता? चमचाभर. सकाळी पातेलंभर दही होतं. तसंच हे आहे, फक्त दही अंधारात लागतं आणि याला ऊन लागतं. सूर्यकिरणांनी नायट्रस आम्लाचा रेणू फुटतो आणि हायड्रॉक्सिल नावाचा अत्यंत चपळ तुकडा सुटतो. तो पेट्रोलच्या वाफांवर आणि अर्धवट जळलेल्या इंधनावर तुटून पडतो. त्यातून एकामागून एक अशा क्रिया चालतात की दुपारपर्यंत जमिनीलगत ओझोन तयार होतो. आकाशात उंचावर आपल्याला राखणारा ओझोन इथे खाली दम्याच्या माणसाची छाती आवळतो. ओझोन तयार करणाऱ्या बाकीच्या वाटा ऊन तापल्यावर जोर धरतात, आणि नायट्रस आम्ल मात्र सकाळीच कामाला लागतं.

आणि ते फक्त सायलेन्सरमधूनच येतं असंही नाही. संध्याकाळच्या गर्दीतला नायट्रोजन डायऑक्साइड रात्री दमट भिंतींवर, रस्त्यावर, झाडांच्या पानांवर बसतो आणि पाण्याशी मिळून आणखी नायट्रस आम्ल तयार करतो. म्हणजे मुंबई नाक्यावर काल संध्याकाळी सोडलेल्या धुराचं काम आज सकाळी उरलेलं असतं.

आता मला खरोखर सलणारी गोष्ट सांगतो. आपण पीयूसी काढतो तेव्हा पेट्रोलच्या गाडीचा कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन तपासतात, डिझेलच्या धुराचा काळेपणा तपासतात. नायट्रोजनची ऑक्साइडं तपासतच नाहीत. काळा धूर सोडत नाही म्हणून पास झालेली गाडी या बाबतीत स्वच्छ असेलच असं नाही. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 हे गाड्यांच्या धुराचं नवं मानक आलं, नव्या डिझेल मोटारींसाठी या ऑक्साइडांची मर्यादा किलोमीटरला 250 मिलिग्रॅमवरून 80 वर आली. फार मोठं काम झालं ते. पण जुन्या गाड्या अजून रस्त्यावर आहेत. 2009 च्या राष्ट्रीय मानकांतल्या बारा प्रदूषकांत नायट्रोजन डायऑक्साइड आहे, ओझोन आहे, त्या दोघांना जोडणारं हे आम्ल नाही.

तुम्ही म्हणाल, हा प्रश्न शहराचा आहे. पण गर्दीच्या चौकात ओझोन फारसा टिकत नाही, धुरातलाच नायट्रिक ऑक्साइड त्याला खाऊन टाकतो. वारा त्याला शहराबाहेर नेतो तिथे तो वाढतो. आपल्या शहराबाहेर काय आहे? दिंडोरी, निफाड, म्हणजे द्राक्षबागा. द्राक्षाचं पान ओझोनला हळवं असतं. 1958 मध्ये कॅलिफोर्नियाच्या द्राक्षबागांत जुन्या पानांच्या वरच्या बाजूला बारीक तपकिरी ठिपके दिसले, ते ओझोनचे निघाले. डावणी आणि भुरी हे द्राक्षाचे रोग आपला बागायतदार लांबून ओळखतो. हे ठिपके ओळखायला त्याला कुणी शिकवलं आहे का?

2027 मध्ये सिंहस्थ आहे. तेव्हा गाड्या किती येतील ते मी सांगायला नको. त्याआधी मोजमाप सुरू व्हावं अशी माझी मनापासून मागणी आहे. 1979 मध्ये जर्मनीतल्या दोन शास्त्रज्ञांनी, पर्नर आणि प्लाट यांनी, लांबवर प्रकाश सोडून त्यातला कोणता रंग हवेने गिळला यावरून हे आम्ल ओळखलं होतं. तेच इथे करता येईल: उड्डाणपुलाच्या या बाजूच्या गच्चीवर दिवा, त्या बाजूच्या गच्चीवर आरसा, आणि थंडीभर रोज रात्रीपासून सकाळी दहापर्यंत नोंद. ओझोन मोजणारं दुसरं यंत्र दिंडोरीच्या एखाद्या बागेत, ऑक्टोबर छाटणीपासून खुडा संपेपर्यंत.