रॅमची दुसरी पट्टी

नमस्कार श्रोतेहो.

गेल्या वर्षी माझी भाची सांगलीहून पुण्याला इंजिनिअरिंगला आली. तिच्या लॅपटॉपसाठी ताईने भिशीचे पैसे तसेच बाजूला ठेवले होते. पन्नास हजार रुपये. खरेदीच्या दिवशी मला सोबत जायला जमलं नाही, मायलेकीच दुकानात गेल्या. आठवड्याने भाचीचा फोन आला. "मामा, अभ्यासाचं सगळं चालतंय, पण रात्री मैत्रिणींबरोबर गेम लावली की अडकत अडकत चालते. आईचे पैसे वाया गेले का?"

तिच्या आवाजातली ती काळजी अजून माझ्या कानात आहे. कॉलेजच्या मुलांसाठी लॅपटॉप घेताना काय बघावं, यावर आज मी बोलायला बसलोय तो त्यामुळेच.

लॅपटॉपमध्ये बिघाड नव्हता. त्यात रॅमची, म्हणजे चालू काम हाताशी ठेवणाऱ्या मेमरीची, एकच पट्टी होती, ८ जीबीची. आता त्याचा गेमशी संबंध काय, ते सांगतो. या किमतीच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये वेगळं ग्राफिक्स कार्ड नसतं. पडद्यावर चित्र उमटवायचं काम प्रोसेसरच्या, म्हणजे लॅपटॉपच्या मेंदूच्या, पोटातलाच एक भाग करतो. त्याची स्वतःची मेमरी नसते, तो रॅममधली वापरतो. म्हणजे एकाच नळावर दोन घरांनी पाणी भरायचं. पट्टी एक असेल तर नळ एक, पट्ट्या दोन असतील तर नळ दोन. लिहिताना, व्हिडिओ बघताना हा फरक कळतही नाही, गेममध्ये लगेच कळतो. इंटेलच्या ज्या प्रोसेसरांत 'आयरिस एक्सई' नावाचं ग्राफिक्स असतं, त्यांत एकच पट्टी असेल तर विंडोज ते नावसुद्धा दाखवत नाही, नुसतं 'यूएचडी' दाखवतं.

भाचीच्या लॅपटॉपमध्ये दुसरी खाच रिकामी होती. तिथे आम्ही ८ जीबीची आणखी एक पट्टी बसवली. मागचं झाकण काढून परत लावेपर्यंत पाव तासही गेला नाही. त्या रात्री तिची व्हॅलोरंट नीट चालली.

तेव्हा ती पट्टी स्वस्तात मिळाली. २०२५च्या अखेरीपासून मात्र रॅमचे भाव खूप चढलेत, कारण एआयच्या मोठमोठ्या डेटा सेंटरांसाठी मेमरीची मागणी प्रचंड वाढली आहे. त्यामुळे 'आत्ता ८ घेऊ, पुढे वाढवू' हा हिशोब पूर्वीसारखा सोपा राहिलेला नाही. जमत असेल तर सुरुवातीलाच १६ जीबी घ्या. आणि दुकानदाराला आवर्जून विचारा, रॅम पट्टीची आहे की बोर्डावरच सोल्डर केलेली, म्हणजे डाग देऊन कायमची जोडलेली? रिकामी खाच आहे का? सोल्डर केलेली ८ जीबी असेल आणि खाच नसेल, तर तो लॅपटॉप कितीही देखणा असला तरी घेऊ नका. पाच वर्षं तुम्ही त्या ८ जीबीतच अडकून राहाल.

आता कागद-पेन जवळ असेल तर एक आकडा लिहून घ्या. सात, पाच, दोन, शून्य. त्याच्या खाली दुसरा, सात, पाच, तीन, शून्य. हे दोन्ही एएमडी कंपनीचे 'रायझन ५' प्रोसेसर, पुढे इंग्रजी यू. डब्यावर दोघांचं नाव सारखंच दिसतं. पण या मालिकेत डावीकडून तिसरा आकडा आतली रचना कोणती ते सांगतो. २ म्हणजे 'झेन २', जी २०१९ साली बाजारात आली. ३ म्हणजे त्यानंतरची 'झेन ३' किंवा तिचीच सुधारलेली आवृत्ती. ७५२० मध्ये चार गाभे, म्हणजे प्रत्यक्ष काम करणारे 'कोअर', आहेत, ७५३० मध्ये सहा. गेम खेळणाऱ्याने ७५२० टाळावा, त्यातला ग्राफिक्सचा भाग फारच लहान आहे. ७५३५ मिळाला तर या तिघांत गेमसाठी तोच उजवा.

इंटेलमध्ये अक्षराकडे बघा. शेवटी यू असेल तर वीज कमी खाणारा, एच असेल तर जास्त ताकदीचा, पण अधिक तापणारा. आणि 'आय-थ्री' लिहिलेलं असूनही नंबरात एन३०५ असा 'एन' दिसला, तर त्याचे सगळे गाभे हलके, वीज वाचवणारे असतात. टायपिंग आणि ऑनलाइन वर्गांना तो चालेल, गेमच्या आशेने घेऊ नका.

पुष्कळ मुलं घरी हट्ट धरतात की वेगळं ग्राफिक्स कार्डच हवं. एनव्हिडिया कंपनीचं आरटीएक्स २०५० किंवा ३०५०. माझं मत स्पष्ट सांगतो. माइनक्राफ्ट, व्हॅलोरंट, जीटीए ५ यांसारख्या गेम कमी सेटिंगवर खेळायच्या असतील तर त्याची गरज नाही. कार्ड आलं की किंमत वाढते, वजन वाढतं, चार्जर विटेएवढा होतो आणि बॅटरी लवकर उतरते. रोज बसने कॉलेजला जाणाऱ्या मुलीच्या पाठीवर तो भार कशाला? ज्यांना थ्रीडी डिझाइन शिकायचं आहे त्यांची गोष्ट निराळी, त्यांनी थोडे पैसे साठवून कार्डवालाच घ्यावा. तेव्हा कार्ड किती वॉटचं ते जरूर विचारा. लॅपटॉपमधलं ३०५० हे कार्ड ३५ वॉटपासून ८० वॉटपर्यंत बसवलेलं असतं. नाव तेच, पण खेळताना दोन्ही टोकांत बराच फरक पडतो.

स्टोरेज ५१२ जीबीची एसएसडी पुरे. स्क्रीन दुकानातच तिरकी करून बघा, बाजूने रंग उडालेले दिसले तर दुसरा मागा. स्नॅपड्रॅगन नावाच्या, इंटेल-एएमडीहून वेगळ्या जातीच्या प्रोसेसरचे लॅपटॉप बॅटरीला फार चांगले आहेत, पण कॉलेजची काही जुनी सॉफ्टवेअर आणि बऱ्याच गेम त्यांच्यावर चालत नाहीत, म्हणून पहिल्या वर्षाच्या मुलांना मी ते सुचवत नाही.

खरेदी मुंबईत लॅमिंग्टन रोडला करा नाहीतर गावातल्या ओळखीच्या दुकानात, डबा तिथेच उघडा. लॅपटॉप चालू करून कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्स, मग मेमरी. तिथे किती खाचांपैकी किती भरल्या आहेत ते लिहिलेलं असतं. दोनपैकी एक असं दिसलं, तर दुसऱ्या पट्टीची किंमत तिथल्या तिथे विचारा आणि ती बसवली तर वॉरंटीला बाधा येत नाही ना, हेही. जीएसटीच्या बिलावर सीरियल नंबर टाकून घ्या. सर्व्हिस सेंटर तुमच्या जिल्ह्यात आहे का, तेही पैसे देण्याआधीच विचारा. बिजागरी सैल झाली म्हणून गडचिरोलीहून नागपूर गाठायचं, तर दिवस मोडतो.

आणि घरी आल्यावर एक काम करा. विंडोजच्या सेटिंगमध्ये भाषेच्या पानावर मराठी जोडा, आणि कीबोर्डांमधून 'मराठी फोनेटिक' निवडा. इंग्रजी अक्षरांत नमस्कार टाइप केलं की देवनागरीत उमटतं. भाचीने सुट्टीत सांगलीला गेल्यावर ते ताईला दाखवलं. ताईने त्यावर पहिल्यांदा लिहिलं ते यंदाच्या भिशीतल्या बायकांची नावं, आणि प्रत्येकीपुढे महिना.

नमस्कार.